एकच नेकबँड, फोन, लॅपटॉप आणि टीव्ही: जोडणी होते, पण काम नीट होत नाही

उंबरठा

नमस्कार मंडळी. सामान असं आहे: ब्लूटूथ नेकबँड (एका वेळी दोन उपकरणांना जोडता येतो असं खोक्यावर लिहिलंय), अँड्रॉइड फोन, विंडोज ११ चा लॅपटॉप, डोंगलवाला (यूएसबीत छोटी खुंटी लावून चालणारा) माउस, आणि ब्लूटूथ नसलेला जुना टीव्ही. टीव्हीला डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स आहे. अडचणी चार, पण मूळ एकच असावं असा संशय आहे म्हणून एकाच धाग्यात टाकतोय.

१) नेकबँड सुरू केला की फोनलाच चिकटतो. लॅपटॉपच्या यादीत ‘पेअर्ड’ दिसतो, पण कनेक्ट दाबलं की दोन सेकंद फिरून गप्प.

२) लॅपटॉपला लागलाच तर गाणी छान वाजतात. मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा. कधी कधी मीटिंग संपली तरी तसाच राहतो.

३) एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी सुरू केली की माउसचा बाण अडखळतो, उड्या मारतो. सेल नवा आहे.

४) आईला कमी ऐकू येतं. तिच्यासाठी वेगळा नेकबँड घेतला आणि टीव्हीला लावायला ३.५ मिमी पिनेचं ब्लूटूथ यंत्र आणलं. त्याचा दिवा लुकलुकतो, नेकबँडचाही लुकलुकतो, पण दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. बाकीच्यांना टीव्हीच्या स्पीकरवरून ऐकू यायलाच हवं.

नवं काही घ्यावं लागलं तर घेऊ, पण आधी आहे त्यात भागतंय का ते बघायचंय.

सोल्डरगन

मूळ एक नाही, चार आहेत. पहिल्याचं मी सांगतो.

पेअर होणं म्हणजे ओळख लक्षात ठेवणं. कनेक्ट होणं म्हणजे आत्ता बोलणं. पेअर करताना दोन्ही यंत्रं मिळून एक किल्ली बनवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. नेकबँड रीसेट झाला, किंवा त्याच्या छोट्याशा यादीतून जुनी नोंद बाहेर पडली, की त्याच्याकडची किल्ली जाते. लॅपटॉपला याचा पत्ताच नसतो. तो नाव दाखवत राहतो, जुनी किल्ली फिरवतो, कुलूप काही उघडत नाही. ‘दोन सेकंद फिरून गप्प’ हे त्याचंच लक्षण. कनेक्ट कितीही वेळा दाबा, फरक पडणार नाही. नोंद दोन्हीकडून पुसायला हवी, एकीकडून पुसून भागत नाही.

फोनवर नेकबँडच्या नावापुढच्या चाकावर जाऊन ‘फरगेट’, लॅपटॉपवर ‘रिमूव्ह डिव्हाइस’. मग नेकबँड फॅक्टरी रीसेट करा. कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, सोबतच्या कागदात असतं. आता फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद ठेवून आधी लॅपटॉपला पेअर करा. हा क्रम महत्त्वाचा, कारण फोन जागा असला तर तो मध्ये तोंड घालतो. लॅपटॉपला लागला की नेकबँड बंद करा, पुन्हा पेअरिंग मोडमध्ये घ्या (नुसता सुरू करणं वेगळं, बहुतेकांत बटण दिवा दोन रंगांत लुकलुकेपर्यंत दाबून धरावं लागतं), फोनचं ब्लूटूथ चालू करून फोनला जोडा. शेवटी लॅपटॉपवर जाऊन कनेक्ट दाबा. दोन्हीकडे ‘कनेक्टेड’ दिसलं की झालं. दिसलं नाही तर कंपनीच्या ॲपमध्ये ड्युअल किंवा मल्टिपॉइंट नावाचा खटका आहे का बघा. काही मॉडेलमध्ये तो मुळात बंदच येतो.

लॅपटॉपच्या शोधयादीत नेकबँड दिसलाच नाही, तर ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → डिव्हायसेस’ मध्ये खाली ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ असतं, ते ‘डिफॉल्ट’वरून ‘ॲडव्हान्स्ड’ करा. आणि एकाच नेकबँडची दोन नावं दिसली, त्यातल्या एकाच्या पुढे ‘एलई’ (लो एनर्जी, म्हणजे कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ) लागलेलं असलं, तर ते सोडून दुसरं निवडा. एलईवालं नाव बहुतेकदा ॲपशी बोलण्यापुरतं असतं. ते पेअर होतं आणि आवाज मात्र येत नाही.

निळा दिवा

इतका खटाटोप कशाला? लॅपटॉपचं ब्लूटूथ जुनं असणार. पाचशे रुपयांत ५.३ चा यूएसबी डोंगल मिळतो, तो लावा. रेंज चौपट, आवाज सुधारतो, डबा आवाजही जाईल.

खटका

@निळा दिवा, यातलं काहीच होणार नाही. ती चौपट रेंज आणि दुप्पट वेग ५.० मध्ये आला तो फक्त ब्लूटूथ लो एनर्जीसाठी. साध्या नेकबँडला गाणं जातं ते क्लासिक ब्लूटूथवरून, आणि तो रस्ता २००४ च्या २.० आवृत्तीपासून जवळपास तेवढाच रुंद आहे. खोक्यावरचा आकडा बघून आवाजाचा अंदाज बांधू नये.

शिवाय विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ (सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग) चालवतं. डोंगल लावायचाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतला रेडिओ आधी ‘डिसेबल’ करा, नाहीतर दोन्ही रुसतात. जुन्या जोड्याही पुन्हा कराव्या लागतात, कारण किल्ली त्या-त्या रेडिओच्या पत्त्याशी बांधलेली असते. डोंगल घेण्याचं खरं कारण एकच: आतला रेडिओ बिघडलेला असणं, किंवा मुळात नसणं.

आता दुसऱ्या अडचणीकडे. क्लासिक ब्लूटूथमध्ये आवाजाचे दोन वेगळे मार्ग आहेत. एटूडीपी हा एकमार्गी: लॅपटॉपकडून कानाकडे, स्टीरिओ, गाण्यांच्या दर्जाचा. यात माइक नाहीच. दुसरा एचएफपी, म्हणजे हँड्सफ्री: दुमार्गी, पण मोनो आणि अरुंद. कुठल्याही ॲपने नेकबँडचा माइक मागितला की विंडोज पहिला मार्ग बंद करून दुसऱ्यावर जातं. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तो किती अरुंद? गाण्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. हँड्सफ्रीच्या जुन्या सीव्हीएसडी पद्धतीत ८,०००, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’चा सळसळाट बराचसा त्याच्या वरच असतो, म्हणून समोरच्याचा ‘स’ कधी ‘फ’ वाटतो. नंतरच्या एमएसबीसीत १६,००० नमुने, बोलणं बरंच स्वच्छ. पण दोन्ही टोकांना ते यायला हवं, आणि गाण्याला तेही अपुरंच.

उपाय फुकटचा आहे. नेकबँड फक्त ऐकायला वापरा, बोलायला लॅपटॉपचा माइक. मीटिंगच्या ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून नेकबँड आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा. ‘सेम ॲज सिस्टिम’ ठेवू नका. सिस्टिमचा माइक नेकबँडवर असेल तर पुन्हा तिथेच याल. मग ‘सिस्टिम → साउंड → इनपुट’ इथेही लॅपटॉपचाच माइक लावून ठेवा.

मीटिंग संपूनही डबा आवाज राहतो, कारण कोणीतरी माइक धरून बसलेलं असतं. बहुधा ब्राउझरची उघडी राहिलेली टॅब. खाली घड्याळाशेजारी माइकचं चिन्ह दिसेल, त्यावर माउस नेला की ॲपचं नाव कळतं. ती टॅब बंद केली की दोन-तीन सेकंदांत आवाज मोकळा होतो.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → डिव्हायसेस → मोर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज’. उघडलेल्या जुन्या खिडकीत नेकबँडवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सर्व्हिसेस’ टॅब, ‘हँड्सफ्री टेलिफोनी’ची खूण काढा. आता नेकबँडचा माइक लॅपटॉपला दिसणारच नाही, त्यामुळे मार्ग बदलायचा प्रश्न मिटला. फोनवरचे कॉल पूर्वीसारखेच चालतात.

तुमचा नेकबँड दोघांना जोडलेला राहणार आहे, म्हणून उलट बाजूची युक्तीही करा. फोनवर नेकबँडच्या नावापुढच्या चाकात ‘फोन कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ असे दोन खटके असतात. त्यातला ‘मीडिया ऑडिओ’ बंद करा. मग फोनवरचा कुठलातरी व्हिडिओ आपोआप सुरू होऊन लॅपटॉपचं गाणं मध्येच तोडत नाही, आणि फोन आला तर तो मात्र कानात वाजतो.

रेंजबाहेर

खटका यांना +१. एक पुरवणी. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत ही अडचण मुळातून सोडवली आहे. त्यात एलसीथ्री कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत) आहे, आणि माइक चालू असतानाही आवाज चांगला ठेवता येतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तर माइकसकट स्टीरिओ. पण लॅपटॉपचा रेडिओ, त्याचा ड्रायव्हर आणि हेडफोन, तिघांनाही ते यायला हवं. येत असेल तर सेटिंगमध्ये ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ असा खटका दिसतो. नाही दिसला तर विषय संपला. केवळ त्यासाठी लॅपटॉप बदलू नका.

माउसचं दुखणं वेगळं, आणि मला विचाराल तर चारांत सगळ्यात मजेशीर. डोंगलचा माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. यूएसबी ३.० चा ५ गिगाबिटचा प्रवाह केबलमधून आणि सॉकेटमधून थोडा बाहेर सांडतो, आणि ते सांडलेलं नेमकं २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपण काढलं होतं. त्यात गोंगाट २० डेसिबलपर्यंत वाढलेला मोजला आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. माउसचा बिचारा मिणमिणता सिग्नल त्यात बुडतो. डिस्क नुसती लावलेली असताना त्रास कमी आणि कॉपी सुरू झाली की जास्त, हे लक्षण जुळतं का बघा.

उपाय अंतराचा आहे. डोंगल आणि डिस्क शेजारच्या सॉकेटमध्ये असतील तर एक लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला न्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर मीटरभर लांबीची यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल आणा (एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट), डोंगल तिच्या टोकाला लावून माउसपॅडशेजारी ठेवा. केबल २.० चीच घ्या. ‘जास्त चांगली’ म्हणून ३.० ची घेऊ नका, माउसला त्या वेगाचा काही उपयोग नाही.

यूएसबी-सी हब वापरत असाल तर डोंगल चुकूनही हबमध्ये लावू नका. एकाच डबीत डिस्क, एचडीएमआय आणि डोंगल म्हणजे मासळी बाजारात कानगोष्टी. आणि डिस्कसोबत आलेली मूळ केबल हरवून दुसरी स्वस्तातली लावली असेल तर आधी ती बदलून बघा. केबलच्या तारांवरची धातूची जाळी नीट नसली की सांडणं वाढतं.

अजून एक, विचारलं नाहीत तरी. लॅपटॉपचं वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतं. वायफाय २.४ वर असेल आणि मोठं डाउनलोड चालू असेल तर नेकबँडचा आवाज तुटतो. ब्लूटूथ ७९ चॅनेलवर उड्या मारत चालतं आणि गर्दीचे चॅनेल टाळतं, पण २० मेगाहर्ट्झचं एक वायफाय त्यातले वीसेक अडवतं, ४० चं असेल तर निम्मे. लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, म्हणजे २.४ ची गल्ली नेकबँड आणि माउसला मोकळी.

सोल्डरगन

मासळी बाजारात कानगोष्टी, वा! माउससाठी एवढंच जोडतो की हरवलेल्या डोंगलच्या जागी त्याच कंपनीचा दुसरा कुठलाही चालेल असं समजू नका. लॉजिटेकच्या युनिफाइंग आणि बोल्ट या दोन डोंगलांना प्रत्येकी सहा उपकरणं जोडता येतात, पण युनिफाइंगचा माउस बोल्टला लागत नाही आणि बोल्टचा युनिफाइंगला. स्वस्त माउसचा डोंगल तर कारखान्यातच बांधून दिलेला असतो.

अँटेनावाले

चौथी अडचण माझ्याकडे. यंत्राच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघा. ‘रिसीव्हर’ असेल तर ते गाडीत किंवा जुन्या होम थिएटरला लावायचं, फोनकडून आवाज घेणारं यंत्र आहे. तुमचा नेकबँडही आवाज घेणाराच. दोघंही कान लावून बसलेत, बोलणारं कोणी नाही, म्हणून दिवे लुकलुकत राहतात. टीव्हीला ‘ट्रान्समीटर’ लागतो. काही यंत्रांत दोन्ही असतं आणि कडेला टीएक्स-आरएक्स (पाठवणं-घेणं) असा बारीक खटका असतो. तुमच्यात असेल तर टीएक्सवर सरकवा, बंद करून चालू करा. नसेल तर नवा घ्यावा लागेल.

ट्रान्समीटरला पडदा नसतो, त्यामुळे यादीतून निवडणं नाही. घरातल्या बाकी सगळ्या फोनची ब्लूटूथं बंद करा, दोन्ही यंत्रं पेअरिंग मोडमध्ये घेऊन वीतभर अंतरावर ठेवा आणि मिनिटभर थांबा.

आता आवाज घ्यायचा कुठून. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात पिन घातली की बहुतेक टीव्हींचे स्पीकर बंद होतात, म्हणजे तुमची अट मोडली. मागचे लाल-पांढरे सॉकेट दिसले की लोक खूश होतात, पण बऱ्याच टीव्हींवर ते ‘एव्ही इन’ असतात, तिथून आवाज बाहेर येतच नाही. ‘ऑडिओ आउट’ असं छापलेलं असेल तरच कामाचे. ऑप्टिकल सॉकेट असेल तर तेही चालतं, मात्र ट्रान्समीटर ऑप्टिकलवाला हवा आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडायला हवं. डॉल्बी किंवा बिटस्ट्रीम राहिलं तर ट्रान्समीटर मुका राहतो.

तुमच्या घरी सगळ्यात सोपं म्हणजे सेट-टॉप बॉक्स. त्याला एचडीएमआयशिवाय एव्ही आउट असतं, आणि बहुतेक बॉक्समध्ये दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. एचडीएमआय टीव्हीला आहे तसंच राहू दे, एव्ही आउटच्या लाल-पांढऱ्या पिनांतून ट्रान्समीटरला आवाज द्या. पिवळी पिन चित्राची, ती लोंबकळू द्या. टीव्हीचे स्पीकर बाकीच्यांसाठी, नेकबँड आईंसाठी. बॉक्सचं एव्ही आउट गोल ३.५ मिमीचं असेल तर बॉक्सची त्रिशूळ केबलच वापरा. साधी ऑक्स केबल खुपसली तर एका कानात चित्राच्या सिग्नलची घरघर येऊ शकते.

बॉक्सचा आवाज त्याच्या रिमोटने भरपूर वर ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. घरातल्यांनी टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करावं, आईंनी नेकबँडच्या बटणांनी. एरवी कोणीतरी बॉक्सचा आवाज शून्य करतो आणि आईंना वाटतं यंत्र बिघडलं.

ट्रान्समीटरला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली आणि कानात बारीक गुणगुण आली, तर फोनच्या चार्जरवर लावून बघा. दोन्हीकडून जमिनीची वाट (अर्थिंग) मिळाली की ती गुणगुण येते.

राहिला उशीर. साध्या एसबीसी कोडेकने आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका, म्हणजे साधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो. बातम्यांत ओठ आधी हलतात, शब्द नंतर. टीव्हीच्या ‘एव्ही सिंक’ने हे सुटत नाही, कारण ते आवाज आणखी मागे ढकलतं, आणि आपला तर आधीच मागे आहे. एपीटीएक्स लो लेटन्सी या कोडेकने उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ते ट्रान्समीटर आणि नेकबँड दोघांतही लागतं. एकातच असेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर येतात. आईंना ओठ वाचायची सवय असेल तर हा उशीर फार खटकतो. अशा वेळी ब्लूटूथचा नाद सोडून स्वतःच्या चार्जिंग स्टँडसकट येणारे टीव्ही हेडफोन घ्यावेत. त्यांचा स्टँड आणि हेडफोन ही जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, त्यामुळे उशीर जाणवत नाही आणि रोज जोडण्याची कटकटही नाही.

श्रवणयंत्र वापरत असतील तर नेकबँडची बोंडं कानात बसणारच नाहीत. मग श्रवणयंत्राच्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर (टीव्हीचा आवाज थेट श्रवणयंत्रात पाठवणारं यंत्र) घ्या, आणि तो श्रवणयंत्राशी जोडून देण्याचं काम ऑडिऑलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) करून घ्या.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. नोंदी दोन्हीकडून पुसून पुन्हा जोडल्यावर नेकबँड फोन आणि लॅपटॉप दोघांना एकदम लागला. हँड्सफ्रीची खूण काढली, डबा आवाज गेला. डोंगल डाव्या बाजूला नेला, ६० जीबी कॉपी होईपर्यंत बाण एकदाही अडखळला नाही. यंत्र रिसीव्हरच निघालं, ट्रान्समीटर मागवलाय. श्रवणयंत्र नाही.

एक नवीन: फोनवर आता आवाजाची पहिली पायरीच फार मोठी आहे, त्याखाली थेट शून्य. मधलं काही मिळतच नाही.

खटका

फोन आणि नेकबँड आवाजाचं एकच माप वाटून घेतात, आणि त्या नेकबँडच्या खालच्या पायऱ्या मोठ्या असणार. ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा, ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील. त्यात ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करा, नेकबँडची जोडणी तोडून पुन्हा जोडा. त्यानंतर फोनची बटणं आणि नेकबँडची बटणं वेगवेगळी चालतील. नेकबँड मध्यावर ठेवून बारीक फरक फोनवरून करा. पहिल्यांदा जोडताना मात्र कानात न घालता जोडा, नेकबँड स्वतःच्या मापाने पूर्ण आवाजावर असू शकतो.